दोना पावलाची साठ वर्षे

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. २०२६ उजाडले तेव्हा तिला साठ वर्षे पूर्ण झाली. नांदेड आणि लातूरच्या विज्ञान शिक्षकांसाठी काढलेल्या स्मरणिकेत गोव्याच्या संस्थेचा इतिहास कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आमच्याकडून कोणताही किनारा गाठायचा तर रात्रभराचा प्रवास पडतो, आणि दहावीपर्यंत पोहोचलेल्या कितीतरी मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. पण आमच्या शेतावर जो पाऊस पडतो तो समुद्रावरून येतो. लातूरची मांजरा आणि नांदेडची गोदावरी कंदकुर्तीला एकमेकींना मिळतात आणि आमची माती घेऊन बंगालच्या उपसागरात उतरतात. आमच्या पायाखालच्या काळ्या पाषाणाचे नाते तर थेट हिंदी महासागराच्या तळाशी आहे. किनाऱ्यावरचे पोर समुद्र बघत वाढते. आमच्या पोराला तो शिकवावा लागतो, आणि शिकवायचा तर त्याचा अभ्यास कोणी, कसा आणि कशासाठी केला हेही सांगावे लागते.

मोहिमेतून जन्मलेली संस्था

पन्नासच्या दशकापर्यंत हिंदी महासागर हा जगातला सर्वांत कमी अभ्यासलेला महासागर होता. अटलांटिकवर युरोप-अमेरिकेची जहाजे वर्षानुवर्षे मोजमापे करत होती. हिंदी महासागराच्या तळाचा धड नकाशासुद्धा नव्हता. याच महासागरावर वर्षातून दोनदा वाऱ्यांची दिशा पालटते आणि त्या पालटावर कोट्यवधी लोकांचे पोट चालते, तरी त्याच्या पाण्याचे तापमान, क्षारता, प्रवाह यांच्या नोंदी तुटपुंज्या होत्या. ही उणीव भरून काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आखली गेली. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात चाळीसहून अधिक जहाजे या समुद्रात फिरली.

भारताकडे तेव्हा खोल समुद्रात संशोधन करणारे एकही खास जहाज नव्हते. नौदलाने 'आयएनएस किस्तना' ही युद्धनौका दिली. किस्तना म्हणजे कृष्णा. इंग्रजी अमदानीतल्या या नौकांना नद्यांची नावे होती. तिचीच एक बहीण 'गोदावरी' फाळणीनंतर पाकिस्तानकडे गेली, हे आमच्या नदीच्या काठी फारसे कोणाला ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या या लढाऊ नौकेवर प्रयोगशाळेचे सामान चढले आणि १९६२ ते १९६५ या काळात तिने अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर पिंजून काढला.

तेव्हा खोलवरचे पाणी कसे आणत, ते वर्गात सांगण्याजोगे आहे. पोलादी तारेवर ठरावीक अंतराने धातूच्या नळ्या अडकवून तार समुद्रात सोडत. नळ्या दोन्ही टोकांना उघड्या असत. तार हव्या त्या खोलीला पोहोचली की वरून एक पितळी वजन तारेवरून घरंगळत सोडायचे. ते पहिल्या नळीच्या खटक्यावर आपटले की नळी उलटी होऊन दोन्ही तोंडे बंद होत. त्याच धक्क्याने खालचे दुसरे वजन सुटे आणि पुढच्या नळीकडे निघे. नळीला जोडलेला तापमापकही खास घडणीचा असे. तो उलटा झाला की पाऱ्याचा धागा एका अरुंद जागी तुटे आणि त्या क्षणाचे तापमान तसेच कोंडले जाई, मग वर येताना पाणी कितीही कोमट लागो. किलोमीटरभर खाली असलेल्या पाण्याचे तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारे हे यंत्र विजेशिवाय चाले. प्रयोगशाळेत साहित्य नाही म्हणून खंत करणाऱ्या शाळांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

मोहिमेची दोन कामे जमिनीवर झाली. जहाजांनी जाळ्यांत गोळा केलेले सूक्ष्म प्राणी निवडून, गटवार लावून ठेवण्यासाठी युनेस्कोच्या मदतीने कोचीला हिंदी महासागर जीवशास्त्र केंद्र उभे राहिले. तिथे तरुण प्राणिशास्त्र पदवीधर दिवसचे दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. दुसरे काम आपल्या मुंबईत झाले. कुलाबा वेधशाळेत आंतरराष्ट्रीय हवामानशास्त्र केंद्र सुरू झाले, त्यासाठी आयबीएमचा १६२० हा संगणक आला, आणि पी. आर. पिशारोटी व कॉलिन रॅमेज यांच्यासारख्या हवामानतज्ज्ञांनी समुद्रावरच्या वाऱ्यांचे नकाशे रोजच्या रोज काढायला सुरुवात केली.

याच सुमारास पावसाचा जो वारा शास्त्रज्ञांच्या हाती लागला, त्याची माहिती मराठवाड्यातल्या प्रत्येक मुलाला असायला हवी. पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी १९६६ साली दाखवून दिले की जुलैत दक्षिण भारतावर जेमतेम दीड किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून येणाऱ्या वेगवान वाऱ्याचा एक अरुंद पट्टा असतो. पुढे १९६९ मध्ये जे. फिंडलेटर यांनी त्याचा माग काढला. हा वारा दक्षिण गोलार्धातून निघतो, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतो, वळतो आणि अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आपल्याकडे येतो. सह्याद्री त्यातले बरेचसे पाणी कोकणात उतरवून घेतो. उरलेले आमच्या वाट्याला येते. हा पट्टा जोरात असला की पिके तरतात, तो रेंगाळला की सोयाबीनची दुबार पेरणी ठरलेली. मृगाची वाट आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. मृग कुठून येतो याचे मोजमाप मात्र त्या सुमारास झाले.

मोहीम संपत आली तेव्हा प्रश्न उरला: एवढी माणसे तयार झाली, एवढी माहिती जमली, तिचे पुढे काय? वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन केली आणि कोचीचे केंद्र तिच्यात विलीन झाले. मोहिमेच्या भारतीय कामाची सूत्रे सांभाळणारे एन. केशव पणिक्कर पहिले संचालक झाले. ते मुळात सागरी जीवशास्त्रज्ञ; इंग्लंडमधल्या प्लायमथच्या प्रयोगशाळेत त्यांनी कोळंबीवर काम केले होते. खारे आणि गोडे पाणी यांतल्या फरकाशी कोळंबीचे शरीर कसे जुळवून घेते, हा त्यांचा विषय. जहाजे देणारे, यंत्रे बनवणारे, रसायनज्ञ, भूशास्त्रज्ञ अशा नाना तऱ्हेच्या माणसांना एका छताखाली आणण्याचे अवघड काम त्यांनी केले. योगायोग असा की मराठी विज्ञान परिषदही १९६६ सालचीच. एका संस्थेने समुद्राचे विज्ञान घडवायला घेतले, दुसरीने विज्ञान मराठीत आणायला. या दोघींची भेट आमच्या शाळांत कधी व्हायची, याकडे शेवटी येतो.

संस्थेचे कार्यालय आरंभी दिल्लीत होते. समुद्राची संस्था राजधानीत फार काळ राहणे शक्यच नव्हते. ती गोव्यात आली आणि पुढे दोना पावलाला स्थिरावली. मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांच्या मुखांमध्ये घुसलेला हा डोंगराळ सुळका. एका बाजूला मुरगाव बंदर, दोन बाजूंना खाड्या, समोर अरबी समुद्र. प्रयोगशाळेच्या दारातच एवढे सगळे मिळावे अशा जागा पश्चिम किनाऱ्यावर थोड्या आहेत. कोची, मुंबई आणि विशाखापट्टणम येथे प्रादेशिक केंद्रे झाली. मुंबईच्या केंद्राने महाराष्ट्राच्या खाड्या आणि किनारी पाण्याच्या प्रदूषणावर वर्षानुवर्षे काम केले आहे.

गवेषणी, खनिजाचे गोळे आणि बर्फ

पहिली दहा वर्षे संस्थेकडे स्वतःचे मोठे जहाज नव्हते. १९७६ मध्ये 'गवेषणी' आली. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत गाळ वाहण्यासाठी बांधायला घेतलेल्या बार्जचे रूपांतर करून हे जहाज तयार झाले होते. लांबी अडुसष्ट मीटरांच्या आसपास. परदेशातून नवे कोरे जहाज आणण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा हाताशी असलेल्या सांगाड्यावर भारताने आपले पहिले समुद्रविज्ञान जहाज उभे केले, हा या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा निर्णय आहे.

२६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी'ने समुद्राच्या तळावरून बहुधातू गोळे वर आणले. बटाट्याएवढे काळे, खडबडीत गोळे. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असते. दगडाचा कण किंवा शार्कचा दात अशा एखाद्या गाभ्याभोवती धातूंचे थर साचत हे गोळे वाढतात, आणि दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर इतकीच त्यांची वाढ होते. पुढच्या सर्वेक्षणांतून हिंदी महासागराच्या मध्यभागी या गोळ्यांचे विस्तीर्ण क्षेत्र निश्चित झाले. १७ ऑगस्ट १९८७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी 'अग्रणी गुंतवणूकदार' म्हणून भारताची नोंद केली आणि दीड लाख चौरस किलोमीटर तळ संशोधनासाठी दिला. असा दर्जा मिळवणारा भारत हा पहिला देश. हे गोळे उपसले तर तळावरच्या जिवांचे काय होईल, हा प्रश्नही याच संस्थेने विचारला. १९९७ मध्ये मुद्दाम तळ ढवळून परिणाम पाहण्याचा प्रयोग केला गेला, आणि डॉ. बबन इंगोले यांच्यासारख्या मराठी शास्त्रज्ञाने तिथल्या चिखलात राहणाऱ्या सूक्ष्म जिवांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. उपसण्याआधी नुकसानीचा अंदाज घ्यायचा, ही शिस्त आमच्या नद्यांतल्या वाळूला लाभली असती तर किती बरे झाले असते.

१९८१ हे वर्ष आणखी एका कारणासाठी मोठे. संस्थेचे दुसरे संचालक डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी ६ डिसेंबरला गोव्याहून 'पोलर सर्कल' या नॉर्वेच्या जहाजातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. भारताची ती पहिली मोहीम.

तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ मध्ये, दोन महिला शास्त्रज्ञ प्रथमच भारतीय तुकडीतून अंटार्क्टिकावर गेल्या. एक भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता, दुसऱ्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या डॉ. अदिती पंत. अदितीबाई नागपूरच्या. नागपूर म्हणजे आमच्याइतकेच, किंबहुना आमच्याहून जास्त, समुद्रापासून दूर. पुणे विद्यापीठात बी.एस्सी. झाल्यावर सर ॲलिस्टर हार्डी यांचे 'द ओपन सी' हे पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि समुद्राने त्यांना धरून ठेवले. शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाई विद्यापीठात गेल्या, लंडनला त्यांनी सागरी शैवालांवर डॉक्टरेट केली. पणिक्कर यांच्याशी गाठ पडली आणि त्या परतल्या, गोव्याच्या संस्थेत रुजू झाल्या. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती सूर्यप्रकाशावर किती अन्न बनवतात, हा त्यांचा अभ्यास. समुद्रातल्या साऱ्या जिवांची अन्नसाखळी तिथून सुरू होते. पुढे पाचव्या मोहिमेतही त्या गेल्या, आणि नंतर त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केले. नांदेडच्या किंवा औशाच्या मुलीला समुद्रशास्त्रज्ञ होण्याचे स्वप्न दाखवायचे असेल तर सांगण्यासाठी आपल्याकडे ही खरी गोष्ट आहे. एक पुस्तक योग्य वेळी हाती पडले, एवढ्याने तिची सुरुवात झाली. शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके निवडताना हे विसरू नये.

या तिसऱ्या मोहिमेचे नेते होते डॉ. हर्ष गुप्ता. याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचे पहिले अंटार्क्टिक ठाणे उभे राहिले. लातूरकरांना हर्ष गुप्ता हे नाव वेगळ्या संदर्भात माहीत असायला हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली तेव्हा ते हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे संचालक होते. त्या संस्थेने किल्लारीला खोल विंधन घेतले आणि वरच्या काळ्या पाषाणाची जाडी तिथे ३३८ मीटर भरली. त्याखाली गाळाचा पातळ थर, आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक.

आता तो ३३८ मीटरांचा पाषाण आणि समुद्र यांचा संबंध सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड ज्या तप्त बिंदूवरून सरकत होता, तिथून लाव्हा उसळून दख्खन झाकले गेले. भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला, बिंदू जागेवर राहिला, आणि त्याच्या खुणा समुद्राच्या तळावर ओळीने उमटत गेल्या: लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस. १९८७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय मोहिमेने या ओळीवर विंधने घेतली, तेव्हा खडकांचे वय दक्षिणेकडे कमी कमी होत गेलेले आढळले. ओळीच्या टोकाला रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी आजही जागा आहे. किल्लारीचा खडक आणि मॉरिशसचा खडक एकाच उगमाचे. भूगोलाच्या तासाला फळ्यावर ही रेघ ओढून दाखवायला एक खडू पुरतो.

कांदोळीचे पाणी

संस्थेच्या साठ वर्षांत शेकडो सफरी झाल्या, पण तिचे मला वाटणारे सर्वांत मोलाचे काम लहान होडीतून झाले. गोव्यातल्या कांदोळी गावासमोर, किनाऱ्यापासून साधारण दहा किलोमीटरवर, जेमतेम पंचवीस-सत्तावीस मीटर खोल अशी एक जागा आहे. १९९७ पासून संस्थेचे रसायनज्ञ तिथे वारंवार जाऊन पाण्याचे नमुने घेत आले. तीच जागा, तीच मोजमापे, वर्षामागून वर्षे.

पावसाळ्यात वारा किनाऱ्यालगतचे वरचे पाणी ढकलतो आणि खालून थंड पाणी वर सरकते. त्या पाण्यात पोषक द्रव्ये भरपूर आणि ऑक्सिजन कमी. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचे झाकण बसते, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन खाली पोहोचत नाही. वाढलेल्या सूक्ष्म वनस्पती मरून तळाशी जातात, त्यांना कुजवताना जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाच्या पाण्यात श्वास घ्यायला काही उरत नाही. मग नायट्रेट संपते, आणि शेवटी सडक्या अंड्याचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात हे निष्कर्ष मांडले आणि जगाचे लक्ष भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे वळले. नैसर्गिकरीत्या ऑक्सिजन हरवणारे किनारी क्षेत्र म्हणून याचा विस्तार जगात सर्वांत मोठा मानला जातो, आणि इथून नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढीला हातभार लावणारा वायू मोठ्या प्रमाणात हवेत जातो. जमिनीवरून वाहून येणारी खते ही अवस्था आणखी बिघडवत असावीत, असा इशाराही त्यांनी दिला.

हे मोजायची रीत आमच्या महाविद्यालयांतल्या पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे: विंकलरची पद्धत. नमुन्याची बाटली काठोकाठ भरायची, आत एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही. मग तिच्यात मँगनीज क्लोराइड किंवा सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून झाकण लावायचे. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. जितका ऑक्सिजन जास्त तितका रंग गडद. ऑक्सिजन अजिबात नसेल तर साका पांढरा राहतो. पुढे आम्ल घालून, स्टार्चचे दोन थेंब टाकून थायोसल्फेटने निळा रंग उडेपर्यंत मोजायचे. कांदोळीच्या होडीवर ऑक्टोबरात पांढरा साका पाहणारा शास्त्रज्ञ आणि विष्णुपुरीच्या जलाशयाच्या काठी बाटली भरणारी विद्यार्थिनी एकच प्रयोग करतात. शिक्षकाच्या देखरेखीखाली नवव्या-दहाव्या इयत्तेच्या मुलांना हे दाखवता येते. आटलेल्या, कुजक्या डोहाचे पाणी आणि वाहत्या धारेचे पाणी शेजारी ठेवले की दोन्ही बाटल्यांतला फरक मुलांना नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

आमची गोदावरी अरबी समुद्राला मिळत नाही, त्यामुळे कांदोळीशी आमचा थेट संबंध नाही. पण बंगालच्या उपसागराबाबत २०१७ मध्ये आलेल्या एका अभ्यासात, ज्यात नक्वीही सहभागी होते, असे आढळले की तिथल्या मधल्या थरांत ऑक्सिजन संपलेला नाही, पण अगदी लेशमात्र उरला आहे. आणखी पोषक द्रव्ये आली तर तोल ढळू शकतो. ऊस आणि सोयाबीनच्या रानातून वाहून गेलेले खत कंदकुर्ती ओलांडून कुठे जाते, हे शेतकऱ्याच्या मुलाने शिकलेच पाहिजे.

प्रवाह, पातळी आणि गोदावरीचा गाळ

भौतिक समुद्रविज्ञानात डॉ. सतीश शेट्ये यांच्या गटाचे काम मोठे आहे. गोव्याचेच शेट्ये पुढे संस्थेचे संचालक आणि नंतर गोवा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह हिवाळ्यात वाऱ्याच्या उलट, उत्तरेकडे वाहतो. हे कसे, याचा उलगडा करताना लक्षात आले की बंगालच्या उपसागरावरच्या वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा किनाऱ्याला धरून श्रीलंकेला वळसा घालून इकडे पोहोचतात. दूरचा वारा इथले पाणी हलवतो. ए. एस. उन्नीकृष्णन आणि डी. शंकर यांनी मुंबईसह जुन्या बंदरांच्या भरती-नोंदी तपासून २००७ मध्ये दाखवले की उत्तर हिंदी महासागराची पातळी वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटरने चढत आली आहे. मुंबईची नोंदवही १८७८ पासूनची आहे. तिच्यामागे रोज पाणी मोजून ठेवणाऱ्या कितीतरी अनाम कर्मचाऱ्यांची मेहनत आहे.

सागरी पुरातत्त्वाचा विभाग डॉ. एस. आर. राव यांनी उभारला आणि द्वारकेसमोर पाण्याखाली उत्खनन झाले. 'गवेषणी'नंतर 'सागर कन्या'वर काम झाले, २०१४ मध्ये 'सिंधु साधना' आली आणि २०२१ मध्ये सूक्ष्म जिवांची जनुकीय माहिती गोळा करत ती हिंदी महासागरात फिरली.

आमच्या मातीची गोष्ट समुद्राच्या तळातून बाहेर आली ती दुसऱ्या एका मोहिमेत. २००६ मध्ये गॅस हायड्रेट शोधण्यासाठी भारताने 'जॉइडिस रेझोल्यूशन' हे खोदाई जहाज आणले होते. गोदावरीच्या मुखासमोर त्याने तळातला चिखल नळीच्या आकारात वर काढला. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या गाळात अडकलेल्या पानांच्या मेणाचा अभ्यास केला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. ओलाव्यातली झाडी आणि कोरड्यातले गवत यांच्या मेणातल्या कार्बनचा ठसा वेगळा असतो. थर वाचत गेल्यावर दिसले की गेल्या काही हजार वर्षांत गोदावरीचे खोरे कोरडे होत गेले, सुमारे ४००० वर्षांपूर्वी एकदा आणि १७०० वर्षांपूर्वी पुन्हा हा कोरडेपणा वाढला. २०१७ च्या पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. याच काळात दख्खनच्या काळ्या पाषाणातून धुपून गेलेला गाळ झपाट्याने वाढला, आणि त्यामागे कोरड्या हवेबरोबर माणसाची शेती व झाडतोड होती.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडून मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर आणले. त्या दिवसांत आम्ही टँकरच्या रांगा पाहिल्या आणि पाऊस का पडला नाही याचीच चर्चा केली. जमीन पाणी धरून का ठेवत नाही, याचा हजारो वर्षांचा पुरावा समुद्राच्या तळाशी पडून आहे, हे वर्गात सांगायला आम्हाला आणखी उशीर परवडणारा नाही.

शाळांपर्यंत

संस्थेची प्रयोगशाळा आणि जहाजे विद्यार्थ्यांना दाखवण्याचा प्रघात जुना आहे. त्याचा लाभ साहजिकच गोव्यातल्या आणि जवळपासच्या शाळांना जास्त झाला. ६ जुलै २०१७ रोजी सीएसआयआरने केंद्रीय विद्यालय संघटनेबरोबर 'जिज्ञासा' उपक्रम सुरू केला. वर्षाला एक लाख विद्यार्थी आणि एक हजार शिक्षक प्रयोगशाळांशी जोडायचे, असे उद्दिष्ट होते. ही सुरुवात चांगली, पण मुखेड किंवा अहमदपूरच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलापर्यंत ती पोहोचायची तर भाषा बदलावी लागेल. संस्थेचे साठ वर्षांचे साहित्य बहुतेक इंग्रजीत आहे. त्यातले निवडक, सचित्र, मराठीत यायला हवे, आणि ते काम आमच्याच शिक्षकांनी शास्त्रज्ञांच्या मदतीने करायला हवे. मराठी विज्ञान परिषदेच्या शाखांना यात हात घालता येईल.

मदत जवळही आहे. लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. समुद्रापासून एवढ्या दूर, पण मासे, पाणी आणि जलजीवन शिकवणारे प्राध्यापक आणि प्रयोगशाळा आमच्या अंगणात आहेत. हैदराबादला, एकेकाळच्या आमच्या राजधानीत, १९९९ पासून भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र काम करते. त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र तिथे २००७ मध्ये सुरू झाले. मच्छीमारांना मासे कुठे सापडतील याचे अंदाजही तिथूनच जातात. किनाऱ्यावर नसलेले शहर साऱ्या किनाऱ्याची राखण करते, तर नांदेडच्या शाळेने समुद्राचा अभ्यास करण्यात अडचण कसली?

पहिला उपक्रम बिनखर्चाचा घेता येईल. जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार 'आर्गो' तरंगक सोडलेले आहेत. प्रत्येक तरंगक हजार मीटर खोलीवर वाहत राहतो, दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून तापमान आणि क्षारता मोजत वर येतो, उपग्रहाकडे नोंद पाठवतो आणि पुन्हा खाली जातो. भारताच्या तरंगकांची माहिती हैदराबादच्या केंद्राकडून इंटरनेटवर सर्वांना मोफत मिळते. जूनमध्ये शाळा उघडताच आठवीच्या वर्गाने अरबी समुद्रातला एक तरंगक निवडावा. त्याची जागा भिंतीवरच्या नकाशात टाचणीने दाखवावी, तापमानाचा आलेख चौकटीच्या वहीत काढावा आणि शेजारी गावच्या पर्जन्यमापकातला पाऊस लिहावा. मान्सून जोर धरतो तेव्हा वरचे पाणी थंड होत गेलेले आलेखात दिसते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बारा-तेरा नोंदी जमतात, आणि दुसऱ्या सत्राच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वर्गाकडे स्वतःचे मोजलेले काहीतरी असते.